नरक्यापासून लागलेली ओढ: वनस्पतीशास्त्र घेऊ की रसायनशास्त्र?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव आजरा तालुक्यात. वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र असे तीन विषय आहेत. पुढच्या वर्षी यातला एकच मुख्य विषय घ्यायचाय आणि तिथेच गाडी अडलीय.

मला औषधी वनस्पतींचं वेड आहे. कुठल्या दुखण्यावर कुठला पाला, एवढ्यावर ते भागत नाही. झाड ते द्रव्य मुळात बनवतं कशासाठी, कुठल्या पेशीत बनवतं आणि माणसाच्या अंगात गेल्यावर त्याचं काय होतं, हे सगळं मला समजून घ्यायचंय.

याला कारण नरक्या. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. आमच्या भागात रान माहीत असलेल्या प्रत्येकाला हे झाड ठाऊक आहे. फार उंच होत नाही, पानं फांद्यांच्या टोकाला दाटीने येतात आणि चुरडली की नको तो वास सुटतो. लहानपणापासून ऐकत आले की याची चोरटी तोड होते, पोती भरून माल जातो. कुठे जातो नि कशाला, हे कुणी धड सांगत नव्हतं. कॉलेजात आल्यावर वाचलं तेव्हा थक्क झाले. या झाडात कॅम्प्टोथेसिन आहे आणि त्यात फेरफार करून केलेली टोपोटेकान आणि आयरिनोटेकान ही औषधं अमेरिकेत १९९६ पासून कर्करोगावर वापरली जातात.

कॅम्प्टोथेसिन आधी सापडलं ते एका चिनी झाडात, अमेरिकेत, १९६६ साली. शोधणारे दोघे, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! जन्म १९२५ चा, एम.एस्सी. मुंबई विद्यापीठाची, पुढे इंडियाना विद्यापीठातून १९६२ ला पीएच.डी. आणि मग सगळी हयात नॉर्थ कॅरोलायनात. याच जोडीने १९७१ मध्ये टॅक्सॉल या कर्करोगावरच्याच दुसऱ्या औषधाची रचना शोधली. एका माणसाच्या हातून अशी दोन औषधं! २०२० मध्ये ते गेले. खरं सांगते, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे शाळेत त्यांचं नाव कुणी सांगितलं नव्हतं.

तर प्रश्न असा. बाई म्हणतात वनस्पतीशास्त्र घे. चुलतभाऊ म्हणतो रसायनशास्त्र घे, नोकरी तरी लागेल. घरच्यांचं म्हणणं बी.फार्म.लाच जायला हवं होतं. या क्षेत्रात जे आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. अभ्यास किती का असेना, माझी तयारी आहे.

---

खलबत्ता

रानजाई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात फार्माकॉग्नॉसी शिकवते. वनस्पतिजन्य औषधांची ओळख, शुद्धता आणि त्यांतली द्रव्यं असा तो विषय. म्हणजे तुझ्या दोन्ही आवडींच्या मधोमध माझी खुर्ची आहे.

माझं मत आधीच सांगते. मुख्य विषय रसायनशास्त्र घे आणि वनस्पतीशास्त्र सोडू नकोस. झाडं ओळखणं जाणत्या माणसाबरोबर रानात हिंडून, हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात बसून पुढेही शिकता येतं. सेंद्रिय रसायनशास्त्र मात्र प्रयोगशाळेशिवाय आणि शिक्षकाशिवाय पुढे शिकणं फार अवघड जातं. शिवाय एम.एस्सी. रसायनशास्त्राला बहुतेक ठिकाणी पदवीला तोच मुख्य विषय असावा लागतो, ती दारं आत्ताच बंद होऊ देऊ नकोस.

पण तुझा खरा प्रश्न "झाड बनवतं कशासाठी" हा आहे, आणि तिथे जीवशास्त्राशिवाय पान हलत नाही. सदाफुलीच बघ. दारोदारी असते. तिच्या पानांतून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन मिळतात, पहिलं कॅनडात १९५८ मध्ये सापडलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन आजही दिलं जातं. पण एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. इतकं कमी का?

व्हिनब्लास्टिन दोन द्रव्यं जोडून होतं, कॅथॅरँथिन आणि व्हिन्डोलिन. २०१० मध्ये एका गटाने ताजी पानं क्लोरोफॉर्ममध्ये अलगद बुडवून काढली, म्हणजे फक्त वरचा मेणाचा थर विरघळला. जवळजवळ सगळं कॅथॅरँथिन त्या मेणात सापडलं आणि व्हिन्डोलिन पानाच्या आत राहिलं. झाड एक द्रव्य बाहेर पाठवतं, कारण ते बुरशीला रोखतं, आणि दुसरं आत ठेवतं. दोघांची गाठच पडत नाही, मग औषध मिळणार कुठून? बरं, ही द्रव्यं घडण्याच्या पायऱ्याही एका पेशीत होत नाहीत. काही शिरांजवळच्या पेशींत, काही वरच्या त्वचेत, शेवटच्या काही चिकाच्या पेशींत. नुसत्या रसायनशास्त्रज्ञाने अख्खं पान वाटून अर्क काढला असता तर हे कधीच दिसलं नसतं.

दोन्ही शीक म्हणते ते यासाठी. कागदावर मुख्य विषय एक असेल, असू दे.

---

सड्यावरचा

खलबत्ताताईंबद्दल पूर्ण आदर आहे, पण "झाडं ओळखणं पुढेही शिकता येतं" हे मला पटत नाही. मी सिंधुदुर्गातला, वनस्पती सर्वेक्षणात बरीच वर्षं काम केलं. ओळख चुकली की पुढची सगळी रसायनं फुकट.

सीता अशोकाची साल बाजारात मागा. कितीतरी वेळा हाती येते ती रस्त्याकडेच्या उंच, सरळसोट खोट्या अशोकाची. दोघांचं कूळसुद्धा वेगळं. आता त्या सालीतून कुणी सुंदर अर्क काढला, यंत्रावर आलेख काढला, शोधनिबंध लिहिला, तर तो कोणत्या झाडाचा?

म्हणून रानजाई, विषय कुठलाही घे, नमुना करायला आत्ताच शीक. फुलासकट आणि जमलं तर फळासकट फांदी तोडायची, वर्तमानपत्रात नीट पसरून दाबायची. एक पान उलटं ठेवायचं, खालच्या बाजूची लव, शिरा दिसायला हव्यात. पावसाळ्यात कागद रोज बदलायचे, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी चढते. वहीत तारीख, जागा, उंची, झाडाचा आकार, फुलाचा रंग, वास, गावातलं नाव. रंग आणि वास वाळल्यावर उरत नाहीत, त्यामुळे ते जागेवरच लिहायचे. मग २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवून त्याला क्रमांक द्यायचा. चांगल्या शोधनिबंधात हा क्रमांक आणि तो नमुना कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलाय, हे दिलेलं असतं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम आहे आणि आघारकर संशोधन संस्थेचंही. रीतसर पत्र घेऊन गेलीस तर बघता येतं. एकदा जाच.

नरक्याविषयी. त्याचा फुलोरा पावसाळ्यात येतो, पिवळसर पांढरी बारीक फुलं, पाकळ्यांना आतून लव. फळ पिकलं की जांभळट काळं, आत एकच बी. फांद्यांवर गळलेल्या पानांचे मोठे वण राहतात. ते वण, सालीवरच्या सुरकुत्या आणि पानाचा वास एवढं एकदा लक्षात बसलं की फूल नसतानाही झाड ओळखू येतं.

तोडीबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. वाळलेल्या सालीत कॅम्प्टोथेसिन हजारात दोनतीन भाग असेल नसेल. त्यामुळे माल टनाने लागतो आणि झाड बुंध्यापासून जातं. जिथे दहा पावलांवर एक झाड असायचं तिथे आता शोधावं लागतं. हे बघून पोटात तुटतं.

---

मिथेनॉल

मी सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, सध्या जर्मनीत. मूळचा साताऱ्याचा, म्हणून नरक्या दिसल्याबरोबर धागा उघडला.

वॉल आणि वाणी यांनी काम केलं कसं ते सांगतो, म्हणजे या अभ्यासात रोज काय करावं लागतं याचा अंदाज येईल. झाडाच्या अर्कात शेकडो द्रव्यं असतात. त्यांनी अर्काचे भाग पाडले, प्रत्येक भाग रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांवर तपासला. जो भाग गुणकारी निघाला त्याचेच पुन्हा भाग, पुन्हा तपासणी. शेवटी एक शुद्ध द्रव्य हाती येईपर्यंत हेच. धीर हवा, नोंदी चोख हव्यात. उंदरांवरच्या एका फेरीचा निकाल यायलाच आठवडे जायचे.

मग खरी गंमत. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळेना. १९७० च्या आसपास त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. क्षार करताना रेणूतलं एक कडं, लॅक्टोन, उघडतं. उघडल्यावर औषधाचा गुण बराच जातो. आणि लघवीच्या आम्लात ते कडं पुन्हा मिटून मूत्राशयाला इजा व्हायची. चाचण्या थांबल्या, औषध अडगळीत पडलं. १९८५ मध्ये कळलं की हे द्रव्य टोपोआयसोमरेज-१ या विकराला (एन्झाइमला) डीएनएवर अडकवून ठेवतं. तेव्हा पुन्हा सगळे जागे झाले आणि पाण्यात विरघळणारी, कडं शाबूत राखणारी रूपं तयार झाली. एका कड्याच्या उघडझापेवर एका औषधाची पंचवीसतीस वर्षं गेली. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात "लॅक्टोन" वाचताना हे आठव.

आता तुझ्या आवडीचा जीवशास्त्राचा भाग. डीएनए हाताळणारं हे विकर झाडातही असतंच. मग झाड स्वतः का मरत नाही? २००८ मध्ये कळलं की कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या चिनी झाडात आणि ऑफिओऱ्हायझा नावाच्या वनस्पतीच्या काही जातींत या विकराच्या साखळीतला एक अमिनो आम्लाचा मणी बदललेला आहे. त्यामुळे विष त्याला बाधत नाही. ही झाडं एकमेकांची नातलगसुद्धा नाहीत, तरी तोडगा एकच. मला यापुढे काही सुचतच नाही, इतकं ते देखणं आहे.

तोडीवर: टॅक्सॉलचंही सुरुवातीला असंच होतं. पॅसिफिक यू झाडाची साल सोलायची म्हणजे झाड मरायचं. तोडगा फ्रान्समध्ये निघाला. युरोपातल्या यूच्या पानांत टॅक्सॉलचा मुख्य सांगाडा मिळतो, त्यावर उरलेला भाग प्रयोगशाळेत जोडायचा. पानं पुन्हा फुटतात. नरक्यासाठी असं काही करणं हे कुणीतरी हाती घ्यायला हवंच.

---

वैद्य_शरद

चर्चा चांगली चालू आहे. आयुर्वेदाच्या बाजूने थोडं.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात वनस्पती कधी गोळा करावी ते सांगितलंय. पानं आणि कोवळ्या फांद्या वर्षा किंवा वसंतात, मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात, गाभ्याचं लाकूड हेमंतात. आजचा बाजार हे काहीच पाळत नाही. बारमाही एकाच भावात सगळं. आणि तुम्ही रेणू वेगळा काढता तेव्हा बाकीच्या द्रव्यांचं काय, हाही प्रश्न राहतोच. सर्पगंधेचं मूळ देणं वेगळं आणि त्यातलं रिसर्पिन हे एकच द्रव्य देणं वेगळं.

---

मिथेनॉल

वैद्यराज, ऋतूचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण तो तपासता येतो. एकाच झाडाची पानं वर्षभर ठरावीक तारखांना काढायची, सारखीच वाळवायची आणि द्रव्य मोजायचं. पदवीच्या प्रकल्पात बसेल असं काम आहे हे.

सर्पगंधेबद्दल: आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचे अनुभव छापले ते मुळीचेच. रिसर्पिन वेगळं झालं १९५२ मध्ये. मुळी आधी आणि रेणू मागून, असा तो क्रम. मात्र मात्रा दर वेळी सारखी हवी असेल तर आत किती द्रव्य आहे हे मोजावंच लागतं. मुळी देणाऱ्यालाही ते सुटत नाही.

---

खलबत्ता

आणि सुरक्षिततेसाठीही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताच्या त्रासाबद्दल लिहिलं. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं आलं की वेल दुसऱ्या जातीची असू शकते. त्या वादात मी इथे पडत नाही. पण गुळवेलीच्या जवळच्या जाती आहेत, एकीची पानं खालून लवदार, एकीच्या खोडावर गाठीच गाठी. असा वाद सोडवायचा तर नेमकं काय खाल्लं त्याचा नमुना हाताशी लागतो. सड्यावरचा म्हणतात त्याला इथे माझा पूर्ण पाठिंबा.

---

दोन_मुलींचा_बाबा

मधेच विचारतो. माझी मुलगी बारावीत आहे, तिलाही हेच खूळ. पोटापाण्याचं काय?

---

खलबत्ता

रास्त प्रश्न. आयुर्वेदिक औषधं, अर्क, मसाले, सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कारखान्यांत गुणवत्ता तपासणीचा विभाग असतोच. कच्चा माल खरा आहे का, जड धातू किती, ठरलेलं द्रव्य किती, हे रोज तपासावं लागतं. तिथे यंत्रं चालवता येणारी आणि सूक्ष्मदर्शकाखाली चूर्ण ओळखणारी अशी दोन्ही येणारी मुलं कमी मिळतात. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, ते लपवत नाही. संशोधनाकडे जायचं तर नेट, गेट, जॅम या परीक्षा द्याव्या लागतात. लखनौची सीमॅप आणि एनबीआरआय, जम्मूची आयआयआयएम, पुण्याची एनसीएल, मोहालीचं नायपर या संशोधन संस्था डोळ्यांपुढे ठेवा. बी.फार्म. केलं तर जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन फार्माकॉग्नॉसीत एम.फार्म.ही होतं.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. वाणी सरांच्या कामाचं इतकं तपशिलात पहिल्यांदाच कळलं. झाड स्वतःच्या विषापासून कसं वाचतं ते मी मैत्रिणीला फोन करून वाचून दाखवलं!

खलबत्ताताई, आमच्या प्रयोगशाळेत मोठी यंत्रं नाहीत. आत्ता, याच वर्षी, माझ्या हाताने करता येईल असं काही आहे का? आणि सड्यावरचे काका, आमच्या बांधावर नरक्याची झाडं आहेत, घरच्या मालकीच्या जमिनीत. त्यांच्यावर काही करता येईल का?

---

खलबत्ता

आहे ना. हळदीपासून सुरुवात कर. थोडी हळद मिथेनॉलमध्ये हलवून गाळून घे. सिलिकाचा थर दिलेली ॲल्युमिनियमची पट्टी कॉलेजात असते. तळापासून एक सेंटिमीटरवर पेन्सिलीने हलकी रेघ ओढ, शाई चालणार नाही, ती द्रावकाबरोबर वर चढते. केशनळीने रेघेवर बारीक ठिपका ठेव, वाळू दे, पुन्हा त्याच जागी. क्लोरोफॉर्म ९५ आणि मिथेनॉल ५ भाग असं मिश्रण झाकणाच्या बरणीत, ठिपक्याच्या खाली राहील इतकंच. हे काम धूर ओढणाऱ्या कपाटात आणि बाईंच्या समोरच करायचं.

द्रावक वर चढत जाईल तसा तो एक पिवळा ठिपका तुटत जातो आणि एकाखाली एक असे तीन पिवळे ठिपके उभे राहतात. सगळ्यात वरचा कुर्क्युमिन, मधला आणि खालचा त्याचेच भाऊबंद, प्रत्येकात एकेक मिथॉक्सी गट कमी. ध्रुवीय गट उघडे पडले की सिलिका धरून ठेवते, म्हणून ते मागे राहतात. अतिनील दिव्याखाली बघ, तिन्ही झळाळतात. मग सांगलीची, वायगावची आणि पुडीतली हळद एकाच पट्टीवर शेजारी शेजारी लाव आणि तिघींत काय फरक दिसतो ते वहीत लिही.

अजून एक. सर्पगंधा, सदाफुली, सिंकोना, कुचला, आणि कॅम्प्टोथेसिनवाली झाडंही, यांची अल्कलॉइडं (नत्र असलेली द्रव्यं) एकाच चौकातून फुटलेले रस्ते आहेत. ट्रिप्टोफॅनपासून आलेला एक तुकडा आणि सेकोलोगॅनिन नावाचा दुसरा, हे जुळले की पुढे रक्तदाबाचं औषध, हिवतापाचं औषध, जहर, काय वाटेल ते. या एका वाटेचा तक्ता स्वतःच्या हाताने काढ. महिनाभर लागला तरी हरकत नाही.

---

सड्यावरचा

घरच्या जमिनीतली झाडं आहेत हे उत्तमच. वनखात्याच्या हद्दीतून पान उचलायचं असलं तरी आधी परवानगी लागते, अभयारण्यात तर नियम आणखी कडक, तिकडे वळूच नकोस. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल, तिच्या कानावर घालून ठेव. आणि झाडं नेमकी कुठे आहेत ते इथे किंवा फेसबुकवर कुठेही लिहू नकोस, फोटोतलं ठिकाण बंद कर. हे फार महत्त्वाचं आहे.

प्रत्येक झाडाला क्रमांक दे, छातीच्या उंचीला घेर मोजून ठेव. फळं पिकली की पक्षी खायच्या आत थोडी गोळा करून रोपं करून बघ.

---

मिथेनॉल

साल अजिबात सोलू नकोस, पानांवर काम कर. वैद्यराजांनी मांडलेला ऋतूचा प्रश्न तुझ्या झाडांवर तपासता येईल. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, सकाळी एकाच वेळी, प्रत्येक क्रमांकाच्या झाडाची मोजकी पूर्ण वाढलेली पानं घे. कोवळी आणि जून एकत्र करू नकोस. सावलीत पातळ पसरून वाळव, वजन सलग दोनदा सारखं आलं की वाळली समज. कागदी पिशवीत घालून वर क्रमांक, तारीख, ओलं आणि सुकं वजन लिही. पावसाळ्यात वाळवायला बंद खोलीत साधा पंखा लाव, चुलीवर धरू नकोस.

वर्षाच्या पिशव्या जमल्या की मोजणी शिवाजी विद्यापीठात कुणा प्राध्यापकांकडे करता येते का, ते बाईंना विचारायला सांग. कॅम्प्टोथेसिन अतिनील दिव्याखाली निळं चमकतं, त्यामुळे हळदीची पट्टी जमली की हीसुद्धा जमेल. फक्त हे पेशी मारणारं द्रव्य आहे. हातमोजे घालायचे आणि अर्क चाखून बघायचा नाही.

---

रानजाई

बाईंशी बोलले. मुख्य विषय रसायनशास्त्र आणि प्रकल्प वनस्पतीशास्त्राच्या बाईंकडे, असं चालेल म्हणाल्या. घरी सांगितलंय. आई म्हणाली, पानं वाळवायला माळ्यावरची खोली घे. या रविवारी गावी जाऊन झाडांना क्रमांक लावते. काका, घेर मोजायला शिंप्याची टेप चालेल ना?

---

सड्यावरचा

चालेल. जमिनीपासून १.३७ मीटरवर खडूची खूण कर आणि दर वेळी तिथेच मोज. फुलोरा आला की नमुना दाब आणि पानाच्या खालच्या बाजूचा फोटो इथे टाक.